जुना सिनेकॅमेरा घेताना

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यापासून आजवर पाच तरुण मंडळी जुना घरगुती सिनेकॅमेरा हातात घेऊन माझ्या घरी येऊन गेली. मी नागपुरात बरीच वर्षे पदार्थविज्ञान शिकविले आणि विद्यार्थिदशेपासून आठ मिलिमीटरच्या फिल्मवर घरगुती चित्रीकरण करीत आलो, एवढाच माझा अधिकार; परंतु या वस्तूविषयी विचारावे असे माणूस आता गावात सहसा सापडत नाही, म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून ही मुले माझ्यापर्यंत पोहोचतात. पाचांपैकी चौघांनी कॅमेरा तपासण्याआधीच फिल्म मागविली होती आणि दोघांनी ती वापरूनही टाकली होती. त्यांतील एकाच्या हाती कोरी पट्टी आली, तर दुसरीच्या पट्टीवर चित्र उमटले होते, पण ते पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत अस्पष्ट होते. दोन्ही नुकसाने टळण्यासारखी होती. आपल्या दैनिकाचे वाचक शहरभर पसरलेले असल्यामुळे, आणि लग्नसराईच्या निमित्ताने या जुन्या कॅमेऱ्यांची हौस पुन्हा वाढलेली दिसत असल्यामुळे, हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे. लांबीबद्दल क्षमस्व.

या छंदात कॅमेरा हीच सर्वांत स्वस्त वस्तू असते, हे नवख्याने आधी लक्षात घ्यावे. माझा सध्याचा कॅमेरा मला इतवारीतील एका कबाड्याकडे दोन हजारांच्या आत मिळाला. त्यात घालण्याची एक फिल्म, तिची धुलाई, तिचे स्कॅनिंग आणि टपालाचा खर्च मिळून त्या किमतीच्या कित्येक पट रक्कम गेली, आणि पडद्यावर आली ती अवघी तीन मिनिटे वीस सेकंदे. म्हणून कॅमेरा घेताना दोनशे रुपयांसाठी घासाघीस करणारा आणि मग न तपासलेल्या कॅमेऱ्यात महागडी फिल्म घालणारा ग्राहक पाहिला की मला मोठी गंमत वाटते. घासाघीस कमी करावी आणि तो वेळ दुकानातच कॅमेरा उघडून पाहण्यात घालवावा.

तपासणीच्याही आधी कॅमेरा कोणत्या जातीचा आहे हे कळले पाहिजे. विकणारा सर्वांना सरसकट ‘आठ एमएम’ म्हणतो, आणि त्या नावाखाली किमान तीन निरनिराळ्या गोष्टी खपतात. पहिली म्हणजे १९३२ साली कोडॅकने आणलेली जुनी आठ मिलिमीटर. हिच्यात सोळा मिलिमीटर रुंदीची पंचवीस फुटी पट्टी उघड्या चकरीवर येते. ती एका बाजूने चालवून झाली की चकरी काढून उलटी लावायची आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा चालवायची. धुतल्यावर पट्टी मधोमध चिरून दोन्ही अर्ध्या पट्ट्या जोडल्या की पन्नास फूट होतात. दुसरी म्हणजे १९६५ सालची सुपर आठ. हिची पन्नास फुटी फिल्म प्लास्टिकच्या बंद कार्ट्रिजमध्ये येते, उजेडातही सहज बसते आणि तिला उलटावे लागत नाही. पट्टीच्या कडेची छिद्रे लहान केल्यामुळे तिच्यावरील चित्राची चौकट जुन्या आठपेक्षा मोठी झाली. तिसरी म्हणजे त्याच वर्षी जपानच्या फुजी कंपनीने काढलेली सिंगल आठ. तिची पट्टी आणि चौकट सुपर आठसारखीच, मात्र कार्ट्रिजचा आकार पूर्णपणे वेगळा असल्याने एकीचे कार्ट्रिज दुसरीच्या कॅमेऱ्यात बसत नाही. आलेल्या पाचांपैकी एका मुलाचा कॅमेरा अगदी नव्यासारखा होता, भिंग काचेसारखे लखलखीत होते, आणि तो सिंगल आठचा निघाला. त्याची ताजी फिल्म कंपनीकडून मिळणे बंद होऊन एक तप उलटून गेले आहे. तो बिचारा सुपर आठचे कार्ट्रिज तिरपे करून, दाबून, सगळ्या परींनी बसवून पाहत होता.

नवख्याने सुपर आठच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला चावीच्या कॅमेऱ्याचीच ओढ आहे त्याने जुना आठ मिलिमीटर जरूर घ्यावा. त्याला सेल लागत नाहीत, पूर्ण चावी दिली की अर्धा मिनिट वा त्याच्या आसपास तो चालतो, आणि चेक प्रजासत्ताकातील फोमा ही कंपनी त्याच्यासाठी आजही कृष्णधवल फिल्म बनविते. परंतु चकरी उलटण्याचे भान ठेवावे लागते. आमच्या थोरल्या चुलतभावांनी एका लग्नात ती उलटलीच नाही. घाईत तीच बाजू पुन्हा लावली. परिणामी वरपक्षाची पंगत आणि अंबाझरीची सहल एकाच पट्टीवर एकमेकांत मिसळून गेली, वऱ्हाडी मंडळी तलावाच्या पाण्यात बसून बुंदी खात आहेत असे दृश्य तयार झाले, आणि पट्टीची दुसरी बाजू कोरी राहिली. घरात अजूनही सर्वाधिक मागणी त्याच रिळाला असते, हा भाग वेगळा.

आता तपासणीविषयी. दुकानात जाताना खिशात सहा नवे पेन्सिल सेल, एक छोटी टॉर्च आणि जमल्यास एखादे वापरून झालेले कार्ट्रिज ठेवावे. सर्वांत आधी सेलची खोली उघडावी. कॅमेरा वीस-तीस वर्षे कपाटात पडलेला असतो आणि त्यात सेल तसेच राहिलेले असतात. ते गळून पत्र्यावर पांढरा किंवा हिरवट थर चढतो. थर हलका असेल तर अल्कलाइन सेलच्या गळतीवर व्हिनेगरमध्ये बुडविलेला कापसाचा बोळा फिरवावा, मग स्पिरिटने पुसून बारीक पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासावा. बहुधा एवढ्याने काम भागते. पत्राच खाल्ला गेला असेल, किंवा थर तारांच्या आत उतरलेला दिसला, तर तो कॅमेरा शोभेची वस्तू म्हणूनच घ्यावा.

सेल घालून घोडा दाबला की मोटरचा आवाज येतो, आणि येथेच बहुतेकांची तपासणी संपते. “मामाजी, चालून तर राहिला ना!” हे वाक्य मी पाचही वेळा ऐकले. मोटर फिरते याचा अर्थ फिल्म पुढे सरकते असा होत नाही. कार्ट्रिजचे दार उघडे ठेवून आत पाहिले तर एक लहानशी चौकोनी खिडकी दिसते आणि तिच्या कडेला फिल्मच्या छिद्रात अडकून ती ओढणारा बारीक पंजा असतो. कॅमेरा आकाशाकडे किंवा उजळ भिंतीकडे धरून चालवावा. खिडकीत उजेड लुकलुकला पाहिजे आणि पंजा एका लयीत खालीवर झाला पाहिजे. त्यानंतर कॅमेरा चालू ठेवूनच तो अंधाऱ्या कोपऱ्याकडे आणि पुन्हा उजेडाकडे वळवावा. आत दिसणारे उजेडाचे छिद्र अंधारात मोठे आणि उजेडात लहान होत असेल तर उजेड मोजणारे लाइट मीटर जिवंत आहे असे समजावे. ते हलत नसेल तर ते हाताने ठरविण्याची सोय आहे का हे पाहावे. ती असल्यास बिघडलेल्या मीटरचा कॅमेराही मी बिनदिक्कत घेईन.

वापरलेल्या कार्ट्रिजचा उपयोग यापुढे होतो. त्याच्या उघड्या खिडकीतील फिल्मवर मार्कर पेनने एक ठिपका काढावा, ते कॅमेऱ्यात बसवून दोन सेकंद चालवावे आणि बाहेर काढून पाहावे. ठिपका नाहीसा झाला असेल तर फिल्म खरोखर सरकली. मात्र पूर्ण संपलेल्या कार्ट्रिजमधील पट्टी पुढे जातच नाही, म्हणून चाचणीसाठी थोडी फिल्म उरलेले किंवा मुदत संपून वाया गेलेले कार्ट्रिज हवे. असे संपूर्ण कार्ट्रिज हाताशी असेल तर वेगही मोजता येतो. त्यात ३६०० फ्रेम असतात, सेकंदाला अठरा या नेहमीच्या वेगाने त्या दोनशे सेकंदांत संपायला हव्यात. चोवीसच्या वेगाने दीडशे. पाच-सात सेकंदांचा फरक चालतो. याहून खूप अधिक वेळ लागला तर आतील वंगण आटले आहे.

वंगणाबाबत एक विनंती करतो. आपल्याकडे कोणतेही जाम झालेले यंत्र दिसले की शिलाई मशीनच्या तेलाची बाटली बाहेर येते. कॅमेऱ्यात हे तेल सोडू नये. ते ओघळून शटरच्या पात्यांवर आणि तेथून फिल्मवर येते, आणि नंतर ते काढायला संपूर्ण कॅमेरा खोलावा लागतो. चावीचा कॅमेरा जुन्या वळणाच्या घड्याळजीकडे न्यावा. दातेरी चाकांची त्याला ओळख असते आणि तेल किती घालू नये हे त्याला कळते.

भिंगाची परीक्षा टॉर्चने करावी. एका बाजूने तिरपा उजेड टाकून दुसऱ्या बाजूने पाहिले की कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी लगेच दिसते. नागपूरची हवा वर्षातील बहुतेक काळ कोरडी असल्याने येथे कायम राहिलेल्या कॅमेऱ्यांत ती कमी आढळते, पण मुंबई-कोकणातून आलेल्या कॅमेऱ्यात ती हमखास असते. धुळीचे चार कण किंवा एखादा ओरखडा चित्रात दिसत नाही. त्यासाठी कॅमेरा नाकारू नये. दाराच्या कडेला आणि सेलच्या खोलीत लावलेला फोम बहुधा काळ्या चिकट भुकटीत बदललेला असतो. ती भुकटी फिल्मच्या खिडकीत गेल्यास प्रत्येक फ्रेमवर केस चिकटल्यासारखी दिसते, तेव्हा ती ओल्या कापसाने आधीच काढून टाकावी.

काही कॅमेऱ्यांत मीटरसाठी वेगळा चपटा सेल लागतो, आणि ही एक जुनी अडचण आहे. ते मूळ सेल पाऱ्याचे, १.३५ व्होल्टचे असत. पारा घातक म्हणून ते बंद झाले. त्या जागी आज मिळणारा त्याच आकाराचा दीड व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर मीटर चुकते, कारण त्याचा दाब आधी जास्त असतो आणि वापरासोबत सतत उतरत जातो. यावर स्वस्त तोड आहे ती श्रवणयंत्राच्या सेलची. ६७५ क्रमांकाचा जस्त-हवा सेल १.४ व्होल्टचा असतो, आपला दाब शेवटपर्यंत जवळजवळ टिकवून धरतो आणि श्रवणयंत्रांच्या कोणत्याही दुकानात मिळतो. आकाराने तो किंचित लहान असल्यामुळे भोवती रबरी वॉशर बसवावा लागतो. माझ्या ओळखीच्या दुकानदाराला, मला चांगले ऐकू येत असताना मी हे सेल का नेतो, याचे कोडे आजही उलगडलेले नाही.

फिल्म निवडताना नागपूरचे ऊन लक्षात घेणे भाग आहे. कोडॅकच्या सुपर आठच्या रंगीत निगेटिव्ह फिल्म आज ५०, २०० आणि ५०० अशा संवेदनशीलतांच्या मिळतात. यांपैकी पहिली दिवसाच्या उजेडासाठी आणि उरलेल्या दोन दिव्याच्या पिवळसर उजेडासाठी केलेल्या आहेत. याशिवाय एक्टाक्रोम ही १०० ची रंगीत रिव्हर्सल, म्हणजे धुतल्यावर थेट सरळ चित्र देणारी फिल्म, आणि ट्राय-एक्स ही कृष्णधवल रिव्हर्सल मिळते. अनेकांना वाटते की मोठा आकडा म्हणजे अधिक चांगली फिल्म, आणि ते ५०० ची मागवतात. सेकंदाला अठरा फ्रेमच्या वेगाने प्रत्येक फ्रेमला साधारण एक चाळिसांश सेकंद उजेड मिळतो. आपल्या उघड्या उन्हात ५० ची फिल्म एवढ्या वेळेला एफ १६ च्या किंचित पुढचे छिद्र मागते (एफचा आकडा वाढला की छिद्र लहान होते) आणि ते बहुतेक भिंगांना शक्य असते. ५०० ची फिल्म दिवसा वापरायची तर कॅमेऱ्यातील नारिंगी फिल्टर मध्ये येतो आणि ती ३२० सारखी वागते, तरीही तिला एफ ४५ च्या आसपासचे छिद्र लागते, आणि भिंग तर बऱ्याचदा एफ २२ वा ३२ लाच थांबते. तेव्हा बाहेरच्या चित्रीकरणासाठी ५० घ्यावी. दिवाळीच्या पणत्यांसाठी किंवा घरातील लग्नविधींसाठी ५०० घ्यावी.

हा नारिंगी फिल्टरही बऱ्याच जणांना फसवितो. सुपर आठचे कॅमेरे तयार झाले तेव्हाची मुख्य फिल्म दिव्याच्या उजेडासाठी होती, म्हणून उन्हात वापरता यावी यासाठी कॅमेऱ्यातच फिल्टर कायम ठेवलेला असे. सूर्य आणि दिवा अशी चित्रे असलेल्या बटनाने तो मागेपुढे होतो. दिवसाच्या उजेडासाठीच बनविलेली फिल्म घातल्यावर तो बाजूला सारायला हवा, म्हणजे बटन दिव्याच्या चित्राकडे ठेवावे लागते. बाहेर ऊन आणि बटन दिव्यावर, हे मनाला पटत नाही, आणि मुले ते पुन्हा सूर्यावर आणून ठेवतात. मग सगळे चित्र हळद लागल्यासारखे येते.

शिवाय स्वस्त कॅमेरे कार्ट्रिजच्या खाचेवरून फक्त दोनच संवेदनशीलता ओळखतात, ४० आणि १६०. निगेटिव्ह फिल्मला उजेड थोडा अधिक झाला तरी ती सांभाळून घेते, म्हणून अशा कॅमेऱ्यांत निगेटिव्हच वापरावी. रिव्हर्सलला हे खपत नाही. एक्टाक्रोमवर थोडा अधिक उजेड पडला की आकाश पांढरे होते. दुसऱ्या बाजूने, ज्याला घरचा प्रोजेक्टर लावून भिंतीवर चित्र पाहायचे आहे त्याला रिव्हर्सलशिवाय गत्यंतर नाही, कारण निगेटिव्ह भिंतीवरही निगेटिव्हच दिसेल. कोणत्या मार्गाने पाहायचे हे आधी ठरवावे आणि त्यावरून फिल्म मागवावी.

जुन्या कॅमेऱ्यासोबत अनेकदा जुनी फिल्मही ‘फुकट’ मिळते. तिच्यावर सराव करावा, आठवणी तिच्यावर टिपू नयेत. कोडाक्रोम असे नाव असलेले कार्ट्रिज तर रंगांत धुणे आता शक्यच नाही; तिची खास रासायनिक प्रक्रिया करणारी जगातील शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेतील कॅन्सस राज्यात होती आणि तिने २०१० च्या अखेरीस ते काम थांबविले. मात्र घरातील वडीलधाऱ्यांनी वापरून न धुतलेले कार्ट्रिज सापडले, आणि त्याच्या खिडकीत इंग्रजीत ‘एक्स्पोज्ड’ असा शब्द छापलेला दिसला, तर ते फेकू नये आणि उघडूही नये. कोडाक्रोम असली तरी तिच्यावरील चित्र कृष्णधवल स्वरूपात बरेचदा निघू शकते. एका विद्यार्थ्याने उत्सुकतेपोटी आजोबांचे असे कार्ट्रिज पेचकसाने उघडून पाहिले. आत काय होते ते आता कोणालाच कळणार नाही.

ताज्या फिल्मचा आपल्याकडील खरा शत्रू मे महिना. पारा पंचेचाळिसाच्या वर गेलेला असताना उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत ठेवलेली फिल्म दुपारभरात म्हातारी होते. ती बंद पाकिटातच फ्रिजमध्ये ठेवावी, आणि वापरण्यापूर्वी दोन-तीन तास पाकीट न फोडता बाहेर ठेवावे, अन्यथा थंड फिल्मवर हवेतील ओल साचते. चित्रीकरण झालेली फिल्मही तितकीच नाजूक असते. ‘पुढच्या वर्षी एकदम पाठवू’ म्हणून ती कपाटात ठेवू नये. विमानाने जाताना ती कधीही सामानात देऊ नये, कारण सामानाची क्ष-किरण तपासणी अधिक तीव्र असते. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावर मी ती पारदर्शक पिशवीत हाती धरून, ‘न धुतलेली फिल्म’ असे नम्रपणे सांगून, हाताने तपासण्याची विनंती करतो.

पहिल्या कार्ट्रिजवर काय टिपावे, असे सर्वच विचारतात. त्याआधी एक काम डोळ्याचे आहे, आणि वर सांगितलेली अस्पष्ट फिल्म त्याच कारणाने वाया गेली. पाहण्याच्या भिंगाभोवती एक लहान कडे असते. भिंगात दिसणारे मधले वर्तुळ किंवा रेघ आपल्या डोळ्याला स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवावे लागते. आधीच्या मालकाच्या चष्म्याच्या नंबरावर ते तसेच राहिलेले असेल तर आपल्याला स्पष्ट दिसणारे चित्र फिल्मवर अस्पष्ट उमटते. कडे जुळविल्यावर, झूम पूर्ण आत आणून माणसाच्या डोळ्यांवर फोकस करावा आणि मग झूमच हवे तितके मागे आणावे. तिकाटण्यावर कॅमेरा लावून दूर उभे राहणार असाल तर पाहण्याचे भिंग झाकावे, कारण काही कॅमेऱ्यांत त्यातून मागून शिरलेला उजेड मीटरला चकवितो.

तीन मिनिटे वीस सेकंदांत सहा ते आठ सेकंदांची पंचवीस-तीस दृश्ये बसतात. मोबाइलच्या सवयीमुळे मुले घोडा दाबून ठेवतात आणि कॅमेरा पंख्यासारखा फिरवितात. अठरा फ्रेमच्या वेगाला अशी फिरवाफिरव झेपत नाही आणि पाहणाऱ्याचे डोके दुखते. कॅमेरा स्थिर ठेवावा, हालचाल समोरच्या माणसांना करू द्यावी. म्हणूनच मी तान्ह्या पोळ्याचा दिवस सुचवितो. सजविलेले लाकडी बैल घेऊन निघालेली मुले, त्यांना सावरणाऱ्या आया, रंग, ऊन-सावली, सगळे आपल्या मोहल्ल्यातच, चालत पोहोचण्याच्या अंतरावर मिळते. त्याच दिवशीची मारबतीची मिरवणूकही मोह घालते, पण पहिल्या खेपेला महाल-इतवारीच्या त्या गर्दीत शिरून फोकस साधणे अवघड. ती पुढल्या वर्षासाठी ठेवावी. काही फूट घरातील ज्येष्ठांसाठी अवश्य राखून ठेवावेत. आवाज मात्र मिळणार नाही. ध्वनीसह चित्रण करणारे कॅमेरे बाजारात दिसतात आणि त्यांत मूक कार्ट्रिज व्यवस्थित चालते, पण ध्वनिपट्टीची फिल्म बंद होऊन फार काळ झाला.

बऱ्याच सुपर आठ कॅमेऱ्यांत एकेक फ्रेम टिपण्याची सोय असते, आणि ती कोणी वापरत नाही याचे मला नवल वाटते. दादासाहेब फाळक्यांनी विलायतेहून आणलेल्या कॅमेऱ्यावर कथापटाच्या आधी काय केले, तर कुंडीतील वाटाण्याचे बी रुजून रोप होईपर्यंत त्याची एकेक चौकट टिपली. आपल्याला संत्र्याच्या फांदीवरील कळी उमलताना किंवा फुटाळा तलावावरील सूर्यास्त असाच टिपता येईल. तिकाटणे आणि लांब केबलचा घोडा एवढेच साहित्य लागते, आणि फिल्मही फार खर्च होत नाही.

धुलाईविषयी. रंगीत निगेटिव्ह सिने फिल्म कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत देऊ नये. छायाचित्रांच्या रोलची प्रक्रिया तिला चालत नाही. त्या स्टुडिओतील साधी, जाणती माणसे ‘देऊन पाहा जी’ म्हणतात, ते केवळ सौजन्यापोटी. मी माझी रंगीत रिळे परदेशी पाठवितो आणि दोन-तीन मिळून एकदाच पाठवितो, म्हणजे टपालखर्च विभागला जातो. कृष्णधवल फिल्म मात्र घरी धुता येते. सोव्हिएत काळातील पन्नास फूट फिल्म मावणाऱ्या सर्पिल टाक्या अजून मिळतात, आणि नेहमीच्या डी-७६ डेव्हलपरमध्ये ट्राय-एक्सची चांगली निगेटिव्ह होते. स्कॅन करताना तिच्यातील काळे-पांढरे उलटवून सरळ चित्र करून घेता येते. रिव्हर्सल करण्याचा मार्ग अधिक लांब आहे, तो दुसऱ्या वर्षी धरावा.

हे काम डिसेंबर-जानेवारीत करावे, असे मी अनुभवाने सांगतो. रसायने वीस अंशांवर हवीत. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच एप्रिलमध्ये उतावीळपणे मी गच्चीवरच्या टाकीचे पाणी वापरले. ते हाताला कोमट लागत होते, तरी बर्फाचे चार खडे टाकून मी समाधान मानले. फिल्म बाहेर काढली तेव्हा तिच्यावरील थर मऊ होऊन सायीसारखा सुरकुतला होता. थंडीत तेच पाणी आपोआप जवळपास योग्य तापमानाचे मिळते. पन्नास फूट ओली पट्टी वाळवायला न्हाणीघरात दोरी आडवी-उभी बांधावी लागते, आणि त्या दिवशी घरच्यांशी गोड बोलावे लागते.

शेवटी दोन विनंत्या. ज्यांच्या माळ्यावर जुनी रिळे आणि प्रोजेक्टर असतील त्यांनी ती रिळे हौसेने लगेच चालवू नयेत. डब्याचे झाकण उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर अ‍ॅसिटेटची ती पट्टी विघटित होऊ लागली आहे, आखडली आहे, आणि प्रोजेक्टरचे दात तिची छिद्रे फाडतील. असे रीळ इतरांपासून वेगळे, थंड आणि हवेशीर जागी ठेवावे आणि आधी स्कॅन करून घ्यावे. आणि प्रोजेक्टर बंद असला तरी तो भंगारात देऊ नये. बहुधा त्याचा रबरी पट्टा तेवढा तुटलेला असतो.

दुसरी विनंती शहरातील महाविद्यालये आणि सार्वजनिक ग्रंथालये यांना आहे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन जतनाचे वर्ग घेते. नागपुरातील हौशी माणसाने प्रत्येक लहान शंकेसाठी तेवढा प्रवास करावा अशी अपेक्षा करता येत नाही. एक धुण्याची टाकी, एक फिल्म जोडण्याचे यंत्र, चालू स्थितीतील एक प्रोजेक्टर आणि चाचणीसाठी चार वाया गेलेली कार्ट्रिजे एखाद्या कपाटात ठेवली, आणि महिन्यातून एका रविवारी सकाळी ते कपाट उघडले, तर कॅमेरे तपासण्याचे काम तेथेच होईल. माझी टाकी आणि दोन कार्ट्रिजे मी अशा कपाटासाठी देण्यास तयार आहे. प्रोजेक्टर मात्र देणार नाही. अंबाझरीच्या पाण्यातील ती पंगत दर दिवाळीला त्याच्यावरच लागते.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
धरमपेठ, नागपूर